नऊ लाखांचा प्रस्ताव नेमका कुठे अडला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात ११ एकरांची देवराई आहे. तिच्या रक्षणासाठी आम्ही दोन वर्षांपूर्वी ट्रस्ट नोंदवला. गेल्या वर्षी एका निसर्ग फंडाकडे नऊ लाखांचा अर्ज केला: ५,००० रोपांची लागवड अडीच लाख, तारेचं कुंपण साडेतीन लाख, मोटरसायकल एक लाख, दहा जनजागृती शिबिरं ऐंशी हजार, व्यवस्थापन व संकीर्ण एक लाख वीस हजार. पाच महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की प्रस्ताव निवडला गेला नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेला मात्र दोन पाणवठ्यांसाठी पैसे मिळाले. यात ओळख लागते का? निकालावर अपील करता येतं का? यंदा एका कंपनीच्या सीएसआरकडे (सामाजिक कामांसाठीच्या निधीकडे) आणि एका परदेशी फंडाकडे अर्ज करायचा विचार आहे. कोणी म्हणतं, परदेशी पैसे एखाद्या मोठ्या संस्थेच्या नावावर घ्या. देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय गावात चालू आहे, पण तो वेगळा असल्यामुळे अर्जात लिहिला नव्हता. अर्जाची प्रत सोबत आहे."

ओळखीचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो मनात राहिला तर पुढचं काही पटणार नाही. बऱ्या फंडांमध्ये निर्णय एका माणसाच्या हातात नसतो. जागतिक पर्यावरण सुविधा या आंतरराष्ट्रीय निधीचा लघु अनुदान कार्यक्रम संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमामार्फत १९९२ पासून चालू आहे. त्याची रचना पाहा: देशातला समन्वयक अर्ज तपासून पुढे ठेवतो, मंजुरी मात्र राष्ट्रीय सुकाणू समिती देते आणि त्या समितीत बिनसरकारी सदस्यांचं बहुमत असावं लागतं. ज्या सदस्याचा अर्जदार संस्थेशी संबंध असेल त्याने त्या अर्जाच्या चर्चेत बसायचं नसतं. ओळख उपयोगी पडते ती दुसऱ्या अर्थाने. तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेला एखादा वनस्पतितज्ज्ञ, वनपाल किंवा महाविद्यालयातला प्राध्यापक संदर्भपत्र देतो तेव्हा त्याचं वजन पडतं. आमदारांच्या शिफारसपत्राचं पडत नाही. उलट ते पत्र पाहून परीक्षकाला वाटतं, बाकी दाखवण्यासारखं काही नव्हतं की काय.

आता तुमचा अर्ज. तो कुठल्या पायरीवर पडला हे त्या एका ओळीतून कळत नाही. पण प्रत वाचल्यावर आमचा अंदाज असा की तो पहिली छाननी पार करून तज्ज्ञांच्या गुणांकनात पडला.

पहिली छाननी रुक्ष असते. कार्यालयातला एक जण यादी समोर ठेवून बघतो: भौगोलिक क्षेत्र बसतं का, रक्कम मर्यादेत आहे का, नोंदणी, पॅन, लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांचा ठराव जोडला आहे का. एका अर्जाला काही मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. इथे कल्पना कितीही चांगली असली तरी कोणी ती वाचत नाही. यंदाचे तुमचे दोन्ही बेत याच पायरीवर अडतील, म्हणून आताच सांगतो. सीएसआरच्या नियमांप्रमाणे कंपनी बाहेरच्या संस्थेकडून काम करून घेणार असेल, तर त्या संस्थेकडे आयकराची १२-ए (संस्थेला करसूट) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचा ट्रस्ट दोन वर्षांचा आहे. एक वर्ष थांबा आणि तोवर बाकीच्या नोंदण्या उरकून घ्या.

परदेशी पैशाचं गणित आणखी कडक आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. एवढा खर्च नसेल तर पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, पण ती एका ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेपुरती मिळते आणि त्यासाठी देणगीदाराचं लेखी वचनपत्र आधी हातात लागतं. मोठ्या संस्थेच्या नावावर पैसे घेऊन पुढे तुमच्याकडे वळवणं २०२० च्या दुरुस्तीने बंद झालं आहे. एफसीआरएखाली आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, मग ती नोंदणीकृत असो वा नसो. जो हे सुचवतोय त्याला नियम माहीत नसावा किंवा तो माहीत नसल्याचं दाखवतोय. संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्याच्या संस्था मात्र कायद्याच्या व्याख्येत परदेशी स्रोत धरल्या जात नाहीत. त्यामुळे वर सांगितलेल्या लघु अनुदानासारख्या योजना तुमच्यासारख्या नव्या संस्थांना जास्त सोयीच्या. तिथे कमाल मर्यादा दीर्घकाळ ५०,००० डॉलर राहिली आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्याने त्या आकड्याकडे बघून बजेट फुगवू नये.

छाननीनंतर अर्ज दोन-तीन तज्ज्ञांकडे जातो आणि ते स्वतंत्रपणे गुण देतात. गुणांची वाटणी फंडागणिक वेगळी असते, पण प्रश्न साधारण तेच: जागेचं महत्त्व, धोक्याचं निदान, कामाची आखणी, लोकांचा सहभाग, संस्थेची कुवत, बजेट, आणि पैसे संपल्यावर काय. परीक्षक वाचताना एक धागा शोधत असतो. बजेटमधली प्रत्येक रक्कम एखाद्या कामाला बांधलेली असावी, ते काम एखाद्या धोक्याला आणि तो धोका एखाद्या पुराव्याला. तुमच्या अर्जात हा धागा पहिल्याच रकमेला तुटतो.

५,००० रोपं घ्या. ११ एकर म्हणजे ४.४५ हेक्टर. तीन बाय तीन मीटर अंतराने हेक्टरी १,१११ रोपं बसतात, म्हणजे तुमच्या पूर्ण क्षेत्रात सुमारे ४,९४०. तुमचा आकडा बरोबर बसतो, पण तो मोकळ्या माळासाठी बसतो. त्याच अर्जाच्या दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की राईत बेहडा, सातवीण, सुरंगीची जुनी झाडं आहेत, गारंबीच्या वेली आहेत आणि धनेश येतात. मग ५,००० रोपं लावायची कुठे? परीक्षकाला दोनच अर्थ दिसतात: एक तर राई आतून रिकामी आहे आणि तुम्ही ते लपवलं, किंवा लागवडीसाठी खालची झुडपं आणि आपोआप उगवलेली रोपटी साफ केली जाणार. दोन्ही वाईट. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली लागते. ती आजच्या रोपात यायला पिढ्या जातील. जुनी झाडं उभी राहणं आणि त्यांची पिलावळ वाढू देणं, हे देवराईचं खरं काम आहे. लागवड ही त्यातली छोटी बाब. पर्यावरण म्हणजे वृक्षारोपण हा समज शासकीय समारंभांमुळे इतका पक्का झाला आहे की चांगल्या संस्थाही अर्जात आधी रोपं लिहितात आणि मग विचार करतात.

कुंपणाचंही तसंच. ४.४५ हेक्टरचा अगदी चौकोनी तुकडा धरला तरी घेर सुमारे ८४५ मीटर भरतो, आणि राई कधी चौकोनी नसते. साडेतीन लाख भागिले ९०० मीटर, म्हणजे मीटरला ३९० रुपये. खांब, पाया, जाळी आणि डोंगरावरची वाहतूक धरून एवढ्यात होत नाही, हे कोकणात काम पाहिलेल्या परीक्षकाला लगेच कळतं. कोटेशन जोडलेलं नाही, म्हणजे आकडा अंदाजाने लिहिला. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे कुंपण कोणाविरुद्ध? गुरं आत शिरतात की लाकूडतोड होते, हे अर्जात कुठेच नाही. तारेने भेकर आणि साळिंदराची वाट अडते, पाणंदीवरून जाणाऱ्यांशी भांडण होतं आणि पाचेक वर्षांत जाळी गंजते. रस्त्याच्या बाजूचा दगडी गडगा जिथे ढासळलाय तिथून गुरं येत असतील, तर तेवढाच गडगा जांभ्याने पुन्हा रचायचा. गावात तो रचणारे हात आहेत, दुरुस्तीही गावातच होते.

मोटरसायकल एकूण रकमेच्या ११ टक्के आहे. लहान अनुदानात वाहन मागितलं की गुण जातात. प्रवासखर्च महिन्याच्या हिशेबाने मागा. दहा शिबिरांबद्दल परीक्षक विचारतो, कोण येणार आणि परत जाऊन काय वेगळं करणार? याचं उत्तर अर्जात नसेल तर ऐंशी हजार म्हणजे चहा-नाश्ता आणि बॅनर. "संकीर्ण" हा शब्द तर बजेटमधून काढूनच टाका. जे लागणार त्याला नाव द्या.

मग पुरावा कशाला म्हणायचं? देवराईसाठी तो फार महाग नाही. दहा बाय दहा मीटरचे २० चौकोन आखा, कडेपासून मध्यापर्यंत पसरलेले. एकूण २,००० चौरस मीटर, म्हणजे क्षेत्राच्या साडेचार टक्के. प्रत्येक चौकोनात झाडाचं नाव आणि जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरचा बुंध्याचा घेर नोंदवा. चौकोनाच्या कोपऱ्यात एक बाय एक मीटरमध्ये उगवलेली रोपटी मोजा. मोठ्या झाडांखाली त्यांची पिल्लं आहेत की नाहीत, हा आकडा सगळ्यात बोलका असतो. ताजे तोडलेले बुंधे, गुरांच्या वाटा आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या तणाचे पट्टे नकाशावर टाका. फोटोसाठी सहा ठिकाणं कायमची ठरवा आणि दर वर्षी त्याच महिन्यात त्याच दिशेने फोटो घ्या. हद्द मोबाइलच्या जीपीएसने चालत जाऊन नोंदवा. हे काम आठ दिवसांत होतं आणि अर्जाआधी निम्मं जरी झालं तरी तुम्ही बाकीच्या अर्जदारांच्या पुढे असता. जागा लहान असणं ही उणीव नाही. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळे इथली जंगली जायफळाची दलदल जेमतेम अडीच हेक्टरांची आहे, तरी २०२१ मध्ये तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, कारण तिथे काय आहे ते नीट नोंदलेलं होतं.

वेळापत्रकात तुम्ही सरळ चूक केली आहे: रोपवाटिका ऑक्टोबरात, लागवड नोव्हेंबरात. कोकणात नोव्हेंबरात लावलेलं रोप मार्चपर्यंत टँकरवर जगतं आणि मग मरतं. शिवाय जांभूळ, सुरंगी, फणस यांचं बी साठवून टिकत नाही. फळ पडल्यावर काही दिवसांत ते पिशवीत जावं लागतं. म्हणून प्रकल्प २४ महिन्यांचा आखा आणि १ जूनला सुरू करा. पहिल्या जूनमध्ये राईतलंच बी गोळा करून ४०० पिशव्या भरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रानमोडी फुलण्याआधी मुळासकट उपटा, कारण नुसती कापली तर बुडख्यातून दुप्पट फुटते. दुसऱ्या जूनमध्ये रानमोडी काढलेल्या पाऊण एकरात ३०० रोपं लावा. सप्टेंबरात रानमोडीचा दुसरा फेरा करा, कारण मातीत पडलेलं तिचं बी पुन्हा उगवतंच. दुसरा उन्हाळा पाणी घालण्यात जाईल आणि मे महिन्यात किती जगली ते मोजून अहवाल लिहिता येईल.

या आखणीचं बजेट आम्ही मांडून पाहिलं. दर नमुन्याचे आहेत, ते तुमच्या गावाप्रमाणे बदला. सर्वेक्षणाला तज्ज्ञ आठ दिवस ३,००० रुपयांनी आणि गावातले दोन मदतनीस ६०० रुपयांनी, मिळून ३३,६०० रुपये. रानमोडीला सहा माणसं, बारा दिवस, दोन हंगाम: ८६,४००. गडगा १२० मीटर, ७०० रुपयांनी: ८४,०००. रोपवाटिका २४,०००, लागवड आणि पाणी ३६,०००. अर्धवेळ समन्वयक २४ महिने, दरमहा ५,०००: १,२०,०००. प्रवास २४,००० आणि दोन वर्षांचं ऑडिट २०,०००. एकूण ४,२८,०००. तुमच्या मागणीच्या निम्म्याहून कमी, आणि यातली प्रत्येक रक्कम कशासाठी हे एका वाक्यात सांगता येतं. गावाचा वाटाही दाखवा. ३० जणांनी पाच दिवस श्रमदान केलं तर त्याच ६०० रुपयांच्या दराने ते ९०,००० भरतं. मात्र सहीचं हजेरीपत्रक असेल तरच तो वाटा मोजला जातो.

रक्कम कमी करण्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या ऑडिटप्रमाणे गेल्या वर्षी ट्रस्टने १,४०,००० रुपये खर्च केले आणि मागणी नऊ लाखांची, म्हणजे सहापटींहून जास्त. एवढा पैसा ही संस्था पेलेल का, ही शंका परीक्षक टिप्पणीत लिहितोच. पाणवठ्यांच्या संस्थेला पैसे मिळाले त्यात बहुधा हेच आहे: छोटी मागणी, मोजता येणारं काम.

आता देवळाचा विषय. तो वेगळा अजिबात नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली सभामंडप, फरशी, गाड्यांना वाट, आणि त्या सगळ्यासाठी झाडं जाणं, हा कोकणातल्या देवरायांचा सगळ्यात ओळखीचा धोका आहे आणि देवराईचा अर्ज वाचणारा तो पहिल्यांदा शोधतो. उपग्रहाची जुनी-नवी छायाचित्रं शेजारी ठेवली की मोकळा झालेला तुकडा दिसतो. एक फोन सरपंचांना गेला तरी पुरतो. धोका लिहिला तर त्यावर काय करणार हे विचारलं जातं, आणि लपवला तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. म्हणून लिहा की बांधकामाची चर्चा चालू आहे, आणि मानकरी, विश्वस्त आणि ग्रामसभेकडून जोत्याबाहेर झाड न तोडण्याचा लेखी ठराव घ्या. शिबिरांचे पैसे वगळून तेवढ्यासाठी दोन बैठका ठेवा. तुमच्याकडे झाडाला हात लावण्याआधी कौल घेण्याची रीत असेल तर तीही अर्जात घाला. गावाने पिढ्यानपिढ्या पाळलेला नियम परीक्षकाच्या लेखी दहा शिबिरांहून वजनदार असतो.

सातबारा तुम्ही जोडलाच नाही. राई देवस्थानच्या नावावर आहे, सामाईक खातेदारांची आहे, की "खाजगी वने" अशी नोंद आहे, यावर कोणाची संमती लागणार ते ठरतं. वनाची नोंद असेल तर गडगा रचण्याआधीसुद्धा वनखात्याशी लेखी बोलणं हवं. गुणांकनानंतर मंजुरी देणाऱ्या समितीत हा मुद्दा निघाला आणि उत्तर नसलं की अर्ज पुढच्या फेरीवर ढकलला जातो.

समितीपर्यंत पोचलेले बहुतेक अर्ज चांगलेच असतात. तिथे गुणांच्या जोडीला समतोल पाहिला जातो: एकाच जिल्ह्यात किती, एकाच विषयावर किती, नव्या संस्था किती. त्यामुळे चांगले गुण असूनही अर्ज मागे राहू शकतो आणि त्यात कोणाचा डाव नसतो. मंजुरीही सरसकट नसते. "बजेट १५ टक्के कमी करा", "जमिनीच्या संमतीनंतरच करार", अशा अटी येतात. कपात सगळीकडे सारखी पसरू नका, नाहीतर प्रत्येक काम अर्धवट राहील. एक काम पूर्ण काढा आणि तसं कळवा.

करार झाल्यावर पैसे हप्त्यांनी येतात आणि पुढचा हप्ता आधीच्या खर्चाच्या अहवालावर अवलंबून असतो. लागवडीचा हप्ता एप्रिलअखेर खात्यात येईल असं वेळापत्रक करारातच मागून घ्या. अहवाल मे महिन्यात दिला तर पैसे पाऊस लागल्यावर येतात आणि हंगाम हातचा जातो. बिलं ट्रस्टच्या नावावर घ्या, अध्यक्षांच्या नावावर नको. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही. हे तुमच्या सीएंना आधीच विचारून ठेवा.

अपील बहुतेक फंडांत नसतं. परीक्षकांच्या टिप्पण्या मागता येतात आणि त्या जरूर मागा. तीन वाक्यांची मेल पुरे: निर्णय मिळाला, टिप्पण्या मिळतील का, पुढची फेरी कधी. तक्रारीचा सूर नको, कारण पुढच्या वेळी तीच माणसं वाचणार आहेत. फेरअर्जासोबत एक पान जोडून मागच्या वेळेपासून काय बदललं ते लिहा. अर्ज भरण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्याला फोन करून "४.४५ हेक्टर देवराई, सव्वाचार लाख, २४ महिने, हे तुमच्या यंदाच्या प्राधान्यात बसतं का" असं विचारणं पूर्ण रीतसर आहे.

आणि ग्रामपंचायतीत जाऊन जैवविविधता व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. २००२ च्या कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, बऱ्याच ठिकाणी ती कागदावर असते. तुमच्या राईचं सर्वेक्षण त्या समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. बाहेरचा फंड मिळो न मिळो, नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जाताना तीच नोंद लागते. चौकोन आखायला ऑक्टोबरचा दुसरा आठवडा बरा: पाऊस ओसरलेला असतो, रानमोडी अजून फुललेली नसते आणि गवतातून वाट काढता येते.